आषाढातला ताप इंजेक्शनाने उतरला, माघातल्या तापावर औषधच नाही म्हणतात. असं का?

काजूबागायत, दोडामार्ग

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहिते आहे, लांबलं तर सांभाळून घ्या. आमच्या घरात सात महिन्यांत दोन आजार झाले आणि दोन्ही वेळा डॉक्टर वेगळं वागले. का, ते मला नीट समजून घ्यायचं आहे. घरात रोज त्यावरून बोलणं होतं आणि माझ्याकडे उत्तर नसतं.

पहिला आजार जुलैत, सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना. लावणीचे दिवस होते. आठ दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत ते मळ्यात, गुडघाभर चिखलात. पायांच्या बोटांत चिखल्या झालेल्या, टाचांना भेगा. मग एकदम ताप आला. डोळे लाल झाले, आम्हाला वाटलं डोळे आले. पण खरं दुखणं पोटऱ्यांत होतं, चादर लागली तरी ओरडायचे. चौथ्या दिवशी तालुक्याला नेलं. डॉक्टरांनी पोटरी दाबून बघितली, शेतात होतात का विचारलं आणि रिपोर्टची वाट न बघता त्याच रात्री इंजेक्शन सुरू केलं. पहिल्या इंजेक्शनानंतर दोन तास एवढी थंडी भरून आली की खाट हलत होती. माझे मिस्टर म्हणाले, औषध उलटलं, गोव्याला नेऊया. डॉक्टर म्हणाले थांबा. तिसऱ्या दिवशी ते उठून बसले. नंतर रिपोर्टात लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस आला.

दुसरा आजार आत्ताचा. धाकटी जाऊ, वय ३४. काजूच्या झाडांखालचा पातेरा, म्हणजे सुका पाला, ओढायचं काम आम्ही दोघीच करतो. गेल्या शुक्रवारी दुपारी ती जेवायला बसली आणि बसल्या जागी ताप चढला. कपाळ फुटेल असं डोकं, अंग ठेचल्यासारखं, डोळे परत तसेच लाल. सोमवारी सकाळी दात घासताना हिरडीतून रक्त आलं म्हणून दवाखान्यात नेलं. तेच रुग्णालय. डॉक्टरांनी रक्त घेऊन पुण्याला पाठवलं, सलाईन लावलं, पॅरासिटामॉल देतात आणि रोज पेशी मोजतात. मी विचारलं, अण्णांना दिलं ते इंजेक्शन का नाही? तर म्हणाले, "हा माकडताप असावा. तो जिवाणू होता, हा विषाणू आहे. त्याचा उपयोग नाही."

घरात कुणाला हे पटलेलं नाही. सासूबाई म्हणतात अण्णांना दिलं ते हिला का देत नाहीत. मुंबईचे दीर फोनवर सांगतात, अण्णांच्या उरलेल्या कॅप्सुला आहेत त्या सुरू करा. जिवाणू आणि विषाणू शरीरात जाऊन नक्की काय करतात, की एकावर औषध चालतं आणि दुसऱ्यावर नाही? आणि तिची दोन लहान मुलं तिच्याजवळ झोपायला मागतात. चालेल का?

रक्ततपासनीस, कुडाळ

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. माकडताप गोचिडीच्या चाव्यातून होतो, माणसाकडून माणसाला होत नाही. मुलांनी आईजवळ बसावं, तिचा हात धरावा. तिला विश्रांती मिळावी एवढंच बघा. आणि उरलेल्या कॅप्सुला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. ताप उतरवायला पॅरासिटामॉलच द्यायचं. ॲस्पिरिन किंवा अंगदुखीच्या इतर गोळ्या मेडिकलमधून आणू नका, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो आणि तिच्या हिरड्यांतून आधीच रक्त येतं आहे.

आता तुमचा मूळ प्रश्न. मी ३१ वर्षं सरकारी प्रयोगशाळेत रक्त तपासलं, बहुतेक काळ सिंधुदुर्गात. डॉक्टर नाही, पण हे दोन्ही आजार माझ्या टेबलावरून शेकड्यांनी गेले.

लेप्टोचा जंतू मी पहिल्यांदा एका प्रशिक्षणात पाहिला. त्या सूक्ष्मदर्शकात पार्श्वभूमी काळी ठेवतात. काळ्या अंधारात चांदीचा बारीक दोरा दिसला, पीळ घातलेला, टोकाला आकड्यासारखा वाकलेला, आणि तो स्वतःभोवती गरागरा फिरत पुढे जात होता. सुताराचं गिरमिट आठवा. लांबी मिलिमीटरचा शंभरावा भाग, जाडी त्याचा शंभरावा हिस्सा. तो सर्वार्थाने जिवंत आहे. खातो, हालतो, स्वतःच्या बळावर एकाचे दोन होतो. उंदराच्या मूत्रपिंडात त्याचं कायमचं घर. उंदीर आजारी पडत नाही, पण लघवीवाटे जंतू सोडत राहतो. तो पावसाच्या पाण्यात, ओल्या मातीत आठवडेच्या आठवडे जगतो. उन्हात सुकला की मरतो. म्हणून हा आजार मळ्यात पाणी असतं तेव्हाचा.

धड कातडीतून त्याला सहज शिरता येत नाही. अण्णांच्या चिखल्या आणि टाचांच्या भेगा हे त्याचं दार. एकदा आत गेला की रक्तातून यकृत, मूत्रपिंड, फुप्फुस, स्नायू सगळीकडे पोचतो. सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा करतो, त्या झिरपायला लागतात. पोटऱ्या दुखतात त्या स्नायूंतल्या इजेमुळे. डोळे लाल होतात, पण डोळे आल्यासारखी चिपडं येत नाहीत, कारण तिथल्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, पू नसतो. बरेच जण या टप्प्यावरच बरे होतात. काहींचा आजार पुढे जातो, कावीळ होते, लघवी बिघडते. जर्मनीत आडोल्फ वाइल यांनी १८८६ साली ताप, कावीळ आणि मूत्रपिंडाचा आजार एकत्र आलेले रुग्ण नोंदवले, तेव्हा जंतू कुणी पाहिला नव्हता. तो जपानमध्ये इनाडा आणि इडो यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात शोधला, कोळशाच्या खाणीतल्या मजुरांच्या आजारातून. त्या खाणींतही पाणी साचलेलं आणि उंदीर भरपूर. मजूर जपानचे आणि आमचे शेतकरी कोकणातले, पण पाय त्याच पाण्यात.

कावीळीबद्दल एक गोष्ट मला प्रयोगशाळेत फार शिकवून गेली. दूषित पाण्यातून होणाऱ्या विषाणूच्या कावीळीत यकृताच्या पेशीच फुटतात, म्हणून त्या पेशींतलं एसजीपीटी नावाचं रसायन रक्तात हजारांवर जातं. लेप्टोच्या कावीळीत माणूस हळदीसारखा पिवळा असतो, पित्तातला पिवळा रंग, बिलिरुबिन, खूप वर, आणि एसजीपीटी मात्र शंभर-दोनशेच्या आसपास. का, तर इथे पेशी तितक्या मरत नाहीत, पेशी-पेशींमधले सांधे सुटतात आणि पित्त रक्तात झिरपतं. दोन्ही रुग्ण पिवळेच दिसतात. आत काय मोडलं ते निराळं.

आता जाऊबाईंचा विषाणू. तो आकाराने त्या दोऱ्याच्या जाडीच्याही साधारण निम्मा. साध्या सूक्ष्मदर्शकात दिसतच नाही, मी आयुष्यात कधी पाहिला नाही. पाहण्यासारखं फारसं नाहीही. बाहेर प्रथिनांचं आणि चरबीचं वेष्टण, आत आरएनएचा एक धागा, सुमारे अकरा हजार अक्षरांचा. त्याला खाता येत नाही, हालता येत नाही, एकट्याने वाढता येत नाही. गोचिडीच्या लाळेतून तो कातडीत उतरतो. आपल्या पेशीला चिकटतो, पेशी त्याला अन्नाचा कण समजून आत ओढून घेते. आत गेल्यावर वेष्टण सुटतं आणि धागा मोकळा होतो. आणि इथेच सगळी गोम आहे. तो धागा आपल्या पेशीतल्या हुकमांसारखाच लिहिलेला असतो. आपल्या पेशीत प्रथिनं बनवणारी यंत्रणा असते, रायबोसोम म्हणतात. तिला घरचा हुकूम आणि परका हुकूम ओळखता येत नाही. ती धागा वाचते आणि विषाणूची प्रथिनं बनवायला लागते, विषाणूच्या नव्या प्रती तयार होतात. त्या बाहेर पडून शेजारच्या पेशींत शिरतात.

म्हणजे असं बघा. लेप्टोचा जंतू स्वतःची चूल घेऊन आपल्या घरात घुसतो. त्याची चूल आपल्या चुलीहून वेगळ्या घडणीची. पेनिसिलिन त्याच्या शरीराभोवतीची भिंत बांधू देत नाही, आणि तशी भिंत आपल्या पेशींना नसतेच. डॉक्सिसायक्लिन त्याचा रायबोसोम अडवतं, आपला सोडतं. म्हणून तो मरतो आणि आपण वाचतो. माकडतापाचा विषाणू मात्र आपल्याच चुलीवर शिजवतो. त्याला ना भिंत, ना स्वतःचा रायबोसोम. पेनिसिलिन मारणार कशाला? चूल विझवावी तर आपलीच विझते.

विषाणूंवर औषधं मुळीच नसतात असं नाही. एचआयव्हीवर आहेत, नागिणीवर आहे, हेपॅटायटिस सीवर फार चांगली आहेत. पण प्रत्येक विषाणूचं एखादं स्वतःचं हत्यार हेरून त्याच्यापुरतं औषध घडवावं लागतं, एकाचं दुसऱ्याला सहसा चालत नाही. माकडतापासाठी तसं सिद्ध झालेलं औषध आज नाही. तुमचे डॉक्टर काही लपवत नाहीत. सलाईन, पेशींची रोजची मोजणी, रक्तदाबावर नजर, गरज पडली तर रक्त, हेच इथलं औषध आहे. शरीर स्वतः विषाणूला हटवेपर्यंत माणसाला तारून न्यायचं. ते किरकोळ काम नव्हे, नर्सताईंना विचारा.

अण्णांच्या त्या थंडीचंही सांगून टाकतो, कारण तेव्हा बरीच माणसं रुग्णाला उचलून दुसरीकडे नेतात. पहिल्या डोसाने जंतू एकदम मोठ्या संख्येने मरतात, त्यांचे तुकडे रक्तात सुटतात आणि शरीर खवळून उठतं. काही तास ताप आणि थंडी वाढते, मग ओसरते. ताप मुळात जंतू आणत नाही, आपलं शरीर आणतं. परका ओळखला की पांढऱ्या पेशी रसायनं सोडतात, ती मेंदूतल्या तापमानाच्या केंद्राला पारा वर ठेवायला सांगतात. म्हणूनच जिवाणू असो की विषाणू, पहिले तीन दिवस ताप, डोकं, अंग सगळं सारखंच दिसतं. तुमच्या घरात दोन्ही वेळा डोळे लाल होते, त्यात नवल नाही.

मग डॉक्टर ओळखतात कसं? थोडं पेशींवरून. लेप्टो जोरात असला की पांढऱ्या पेशी सहसा वाढतात, माकडतापात घटतात. प्लेटलेट दोन्हीकडे उतरू शकतात. पण खरं सांगू? सगळ्यांत जास्त कळतं ते एका प्रश्नावरून, गेल्या दोन आठवड्यांत पाय कुठे होते? अण्णांना "शेतात होतात का" विचारलं, ते त्यासाठीच. मी रुग्णांचे नमुने घेताना नेहमी चिठ्ठीवर लिहायचो, चिखलणी, गोठा, काजू, जंगल. यांतलं काहीच न लिहिलेला नमुना म्हणजे अर्धा नमुना. जाऊबाई पातेरा ओढत होत्या हे तुम्ही डॉक्टरांना सांगितलं आहे ना? नसेल तर सकाळी पहिलं काम ते करा. आणि आसपास मेलेलं माकड कुणी पाहिलं का, तेही विचारून सांगा.

आजरेकर

काका, छान समजावलंत. पण एक शंका आहे. आमच्याकडे ताप कळला नाही की डॉक्टर अँटिबायोटिक देतातच. लागू पडलं तर पडलं, नाहीतर नुकसान काय? वहिनींनी कॅप्सूल दिली तर बिघडलं कुठे?

रक्ततपासनीस, कुडाळ

आजरेकर, डॉक्टरांनी दिली तर मी विरोध करणार नाही. रिपोर्ट यायचा आहे, लेप्टो पूर्ण नाकारता येत नाही, स्क्रब टायफस हा दुसरा जिवाणूचा ताप नाकारता येत नाही, आणि त्या दोन्हींवर डॉक्सिसायक्लिन चालतं. अशा वेळी ते सुरू करणं हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो. अण्णांना रिपोर्टआधी इंजेक्शन दिलं ते बरोबरच होतं, लेप्टोत थांबून चालत नाही.

नुकसान वेगळ्या जागी होतं. घरात कॅप्सूल सुरू झाली की सगळ्यांना वाटतं औषध चालू आहे, दोन दिवस बघू. मी एक बाई पाहिली आहे, गावाचं नाव सांगत नाही. माकडतापाचा पाचवा दिवस, घरी अँटिबायोटिक चालू, नाकातून रक्त येत होतं तरी "कोर्स पुरा होऊ दे" म्हणून घरीच ठेवली. आली तेव्हा प्लेटलेट वीस हजारांच्या खाली होत्या. त्या वाचल्या, पण मला अजून त्यांच्या नवऱ्याचा चेहरा दिसतो. तो माणूस निष्काळजी नव्हता. त्याच्या समजुतीप्रमाणे तो औषधच देत होता. शंभरांतले तीन ते पाच रुग्ण या तापात दगावतात. म्हणजे पंचाण्णव वाचतात, आणि त्यांत बहुतेकांच्या वाचण्यात वेळेवर मिळालेल्या पाण्याचा आणि देखरेखीचा वाटा असतो. ते दोन दिवस वाया घालवू नका, एवढंच माझं म्हणणं.

दुसरं, रिपोर्टबद्दल. पहिल्या दोन-तीन दिवसांत लेप्टोची अँटिबॉडी तपासणी केली आणि निगेटिव्ह आली, तर त्याचा अर्थ लेप्टो नाही असा होत नाही. शरीराने अँटिबॉडी बनवायला पाच-सात दिवस लागतात. त्याआधी शोधायचा तो जंतूचा किंवा विषाणूचा स्वतःचा धागा, पीसीआरने. म्हणून नमुन्याच्या चिठ्ठीवर ताप कधी चढला ती तारीख हवीच. "चार-पाच दिवसांपासून" असं लिहिलं की पुण्यातल्या माणसाने कोणती तपासणी आधी लावायची?

कुर्ला पश्चिम

काकांच्या "पाय कुठे होते" वरून आठवलं म्हणून लिहितो. २६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. मी साकीनाक्याहून कुर्ल्यापर्यंत कमरेएवढ्या पाण्यातून चालत आलो, पाण्याखालच्या कशाने तरी नडगी सोलली. ताप आला तो दहाएक दिवसांनी, तोवर मी पाणी विसरूनही गेलो होतो. मलेरिया समजून दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी नाव विचारायच्या आधी विचारलं, "पाण्यातून चाललात?" मग पँट वर करायला लावली. त्या वर्षी पुरानंतर शहरात लेप्टोचे खूप रुग्ण झाले. दहा दिवसांपूर्वीची गोष्ट आपण होऊन कुणी सांगत नाही, हे त्यांना माहीत होतं.

सत्तरी, वाळपईजवळ

मला २०१६ सालच्या हंगामात माकडताप झाला होता. त्याच्या आदल्या वर्षी आमच्या तालुक्यात पाली गावात काजूत काम करणारे बरेच लोक पडले होते, त्यामुळे नाव ऐकून होतो. उराकासाठी, म्हणजे काजूच्या दारूसाठी, बोंडू वेचायला रोज पहाटे जायचो. गोचीड चावलेली मला कळलीच नाही. अंगावर पुरळ नाही, खाज नाही.

ताईंना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. नवव्या दिवशी माझा ताप गेला. मी म्हटलं बरा झालो, दोन दिवसांनी परत काजूत गेलो. आणखी आठवड्याने ताप परत आला आणि या खेपेस निराळा होता. मान ताठली, उजेड सहन होईना, हात इतका थरथरायचा की पेजेचा चमचा तोंडापर्यंत जाईना. परत ॲडमिट झालो. थरथर जायला महिना लागला, पण पूर्ण गेली. आज मी सगळी कामं करतो. जाऊबाईंचा ताप उतरला की लगेच कामाला लावू नका, एवढ्यासाठी लिहिलं.

गोठा आणि गुरं

मी पशुधन पर्यवेक्षक आहे, जंगलाला लागून असलेल्या गावांत काम करतो. गोचिडीबद्दल चुकीची समजूत फार आहे म्हणून लिहितो. लोक गुराच्या कानातली मोठी, वाटाण्यासारखी फुगलेली गोचीड बघतात आणि तिलाच घाबरतात. माणसाला माकडताप देते ती बहुतेक वेळा तिची लहान अवस्था, खसखशीच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी. ती पातेऱ्यात, जमिनीलगत असते. पावसाळा संपल्यावर वाढत जाते आणि जानेवारी ते एप्रिल तिचा भर असतो. नेमका तोच काजूचा हंगाम. तिच्या लाळेत बधिर करणारे आणि आपल्या कातडीचा प्रतिकार दाबणारे पदार्थ असतात. सत्तरीच्या दादांना कळलं नाही ते त्यामुळेच.

गुरं या विषाणूने आजारी पडत नाहीत. पण पूर्ण वाढलेली गोचीड गुरांवर जेवते आणि हजारो अंडी घालते, म्हणजे गुरं रानात चरली की गोचिडीची पैदास वाढते. माकड मात्र या विषाणूने मरतं. मेल्यावर अंग थंड पडलं की त्याच्यावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि ती जागा धोक्याची होते. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, पुरू नका, आरोग्य केंद्राला आणि वन खात्याला कळवा. ते औषध फवारतात.

पातेऱ्यावर बसू नका, दुपारी आडवं होऊ नका. पूर्ण बाह्या, पायमोज्यांत खोचलेली पँट, आणि आशाताईंकडे गोचीड दूर ठेवणारं, अंगाला लावायचं डीएमपी तेल मिळतं ते उघड्या कातडीला. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात, आणि अंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या नाडीखाली, कानामागे बोट फिरवून बघा. गोचीड सापडली तर बारीक चिमट्याने कातडीला लागून धरा आणि सरळ ओढा. रॉकेल नको, पेटती काडी नको.

लेप्टोचंही एक. फक्त उंदीर नाही, गुरंसुद्धा लघवीतून जंतू सोडतात. गाय गाभडली तर नुसत्या हातांनी गोठा साफ करू नका. जंतूला उंदीर आणि गाय ही घरं, माणूस म्हणजे वाट चुकून आलेला मुक्काम.

रक्ततपासनीस, कुडाळ

पर्यवेक्षकसाहेब, तुमचं शेवटचं वाक्य माकडतापालाही लागू आहे. माणसाच्या रक्तात विषाणू असला तरी माणसापासून साखळी पुढे जात नाही. गोचीड, रानउंदीर, चिचुंद्री, खारी यांच्यात तो फिरत असतो. आपण आणि माकडं मध्ये सापडतो.

याचा शोधही माकडांच्याच मरणातून लागला. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरायला लागली आणि पाठोपाठ माणसं तापाने फणफणली, ती १९५७ ची गोष्ट. दक्षिण अमेरिकेत पीतज्वराने अशीच माकडं मरतात, म्हणून पीतज्वर भारतात शिरला की काय अशी भीती वाटली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातले डॉ. टेलफर्ड वर्क आणि सहकारी तिथे गेले, नमुने पुण्याला आले आणि विषाणू निघाला तो वेगळाच, रशियातल्या गोचीडतापाच्या कुळातला. तेच केंद्र पुढे राष्ट्रीय विषाणू संस्था झालं, जिथे जाऊबाईंचं रक्त गेलं आहे. नमुने हाताळताना संस्थेतल्या माणसांनाही या तापाची लागण झालेली आहे. आमच्या जिल्ह्यात २०१६ साली केर गावात रुग्ण निघाले, तेव्हा आम्ही नमुने बर्फात, तीन आवरणांत बांधून पाठवायचो. दुहेरी हातमोजे घालूनही ते डबे बंद करताना माझे हात जड व्हायचे.

कर्नाटकात वर्षानुवर्षं एक लस देत असत. तिचा उपयोग पुरेसा होत नव्हता म्हणून अलीकडे बंद केली, नव्या लसीचं काम चालू आहे. तोवर डीएमपी तेल आणि पायमोजे.

काजूबागायत, दोडामार्ग

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवस लिहायला जमलं नाही.

काकांचं वाचून दुसऱ्याच दिवशी सकाळी डॉक्टरांना पातेऱ्याचं सांगितलं. ते आम्ही सांगितलंच नव्हतं, "घरकाम" एवढंच केसपेपरवर होतं. मग त्यांनी नर्सला अंग बघायला लावलं. डाव्या गुडघ्यामागे एक काळा ठिपका होता, मला तीळ वाटला असता. चिमट्याने काढला. वरच्या वाडीतल्या मुलांनी पंधरा दिवसांपूर्वी वहाळाकडे मेलेलं माकड पाहिलं होतं, तेही आता कळलं. मोठ्यांपैकी कुणाला त्यांनी सांगितलं नव्हतं, मार मिळेल म्हणून. काल आरोग्य केंद्राची माणसं येऊन तिथे फवारून गेली.

पुण्याचा रिपोर्ट काल संध्याकाळी आला. माकडताप पॉझिटिव्ह. ऐकून मी रडले, पण सासूबाई शांत होत्या. चुलीचं उदाहरण मी त्यांना मालवणीत सांगितलं होतं. म्हणाल्या, "मगे त्या विंजेक्शनान आपलीच चूल विझली असती." अगदी तसं नसेल, पण आता त्या डॉक्टरांशी भांडत नाहीत. दिरांनाही फोन करून सांगितलं.

प्लेटलेट एकसष्ट हजारांपर्यंत उतरल्या होत्या, आज अठ्ठ्याऐंशी आहेत. हिरडीतलं रक्त थांबलं. ताप परवापासून नाही. सत्तरीच्या दादांनी लिहिलं ते डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले बरोबर आहे. घरी सोडल्यावर किती दिवस सांभाळायचं?

रक्ततपासनीस, कुडाळ

ताई, फार बरं वाटलं वाचून. ताप उतरल्यापासून पुरे तीन आठवडे धरा. दहांतल्या एक-दोघांनाच दुसरा ताप येतो, पण कुणाला येईल ते आधी कळत नाही. डोकं जोरात दुखलं, मान वाकेना, हात थरथरले, बोलण्यात गोंधळ वाटला किंवा दिसायला धूसर झालं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. आणि तुम्ही स्वतःही तोच पातेरा ओढत होतात. तुमच्या अंगावर बघितलंत का?

काजूबागायत, दोडामार्ग

बघितलं. मोठ्या मुलीकडून पाठ, मान, केसांची मुळं सगळं तपासून घेतलं. काही नाही. चावल्यापासून आठ दिवसांत ताप यायचा तर येतो असं डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून कॅलेंडरवर शेवटच्या पातेऱ्याच्या दिवसापासून खुणा करते आहे, सकाळ-संध्याकाळ तापमान लिहिते. जाऊबाईंच्या तारखा खालच्या ओळीत. माझ्या ओळीत आज सातवी खूण झाली, ९८.२.